चार बंडी गोट्यांची नाव

सुखराम कापगते पंधरा वर्षं नौदलात होता, पण समुद्र त्याने पाहिला तो बहुतेक सुट्टीच्या दिवशी, धक्क्यावर उभं राहून. त्याची नोकरी इंजिनखोलीत. जहाज कोचीनहून निघालं की तो लोखंडी शिडीने खाली उतरायचा, आणि पुन्हा वर यायचा तेव्हा समोर विशाखापट्टणम असायचं. मधला सगळा समुद्र त्याने ऐकला होता. पत्र्याच्या पलीकडून, धबाधबा. १९७५ साली पेन्शन घेऊन तो भंडारा जिल्ह्यात परतला, जवाहरनगरच्या फॅक्टरीत बॉयलरवर लागला, क्वार्टर मिळालं, आणि सहा महिन्यांच्या आत त्याने बायकोला सांगितलं की शिडाची एक लहानशी नाव घेऊन दोघांनी विशाखापट्टणमहून अंदमानला जायचं आहे.

"दोघं म्हनजे कोन?" गोदावरीबाईंनी विचारलं.

"तू अन् मी."

"मंग मले आधी भात उतरवू द्या," त्या म्हणाल्या आणि चुलीकडे वळल्या.

हा नकार नव्हता. गोदावरीबाईंचा नकार कसा असतो हे सुखरामला लग्नापासून ठाऊक होतं. तो एका शब्दाचा असतो आणि त्यात भात येत नाही.

मग तो कामाला लागला. काम म्हणजे नाव निवडणं. अंतर बाराशे किलोमीटर, सगळा उघडा समुद्र. आठ-दहा दिवस जमीन दिसायची नाही. जिच्यावर दोन जीव ठेवायचे ती नाव पारखूनच घ्यावी लागते. नागपूरला सीताबर्डीच्या फुटपाथवर नौकानयनाची जुनी इंग्रजी मासिकं मिळत; ती तो शब्दकोश घेऊन वाची. वाचता वाचता त्याने एका दोनशेपानी वहीत प्रत्येक नावेला विचारायचे प्रश्न उतरवले. ते एकेचाळीस झाले. 'उलटली तर आपोआप सुलटी होते का?' हा पहिला. 'स्वयंपाक करणाऱ्या माणसाला पाय लांब करून झोपता येतं का?' हा शेवटचा. तो गोदावरीबाईंनी घालायला लावला होता.

समुद्रात जाणारी नाव निवडायची वेळ जिल्ह्यात आजवर कोणावर आली नव्हती, त्यामुळे मत द्यायला कोणी मागे राहिला नाही. फॅक्टरीच्या बसमध्ये लोखंडाची नाव विरुद्ध लाकडाची नाव असे दोन तट पडले. वेल्डिंगवाले अर्थात लोखंडाचे. एकदा तर त्यांच्यातल्या एकाने वादाच्या भरात आपला स्टॉप सोडला, पुढचाही सोडला आणि बस उभी राहते त्या आगारापर्यंत बोलत गेला. "गंज चढन," असं सुखराम म्हणायचा. "तुम्ही चढू देसान तं चढन," असं उत्तर यायचं.

अठ्ठ्याहत्तर साली सिमेंट आलं. परदेशात तेव्हा सिमेंटच्या नावांचं खूळ होतं: लोखंडी जाळीचा सांगाडा उभा करायचा आणि त्यावर पातळ सिमेंट थापायचं. सुखरामने मासिकातली चित्रं क्वार्टर दुरुस्तीवरच्या ईश्वर गवंड्याला दाखवली. ईश्वरने धान्याच्या सिमेंटी कोठ्या केलेल्या होत्या. तो म्हणाला, कोठी आडवी केली की झाली नाव. दोघांनी सहा फुटांचा नमुना केला, साकोलीपासून सात किलोमीटरवर असलेल्या सुखरामच्या गावी नेला आणि तलावात सोडला. तो तरंगला. तलावाच्या मातीच्या बांधावर, पाळीवर, टाळ्या पडल्या. टाळ्यांच्या जोरात ईश्वर स्वतः आत जाऊन बसला, तिथून उभा राहिला, आणि हात जोडून सगळ्यांना नमस्कार करताना तलावात गेला. नमुना मात्र तसाच तरंगत राहिला, एका बाजूला किंचित कललेला, जणू ईश्वर कुठे गेला ते वाकून पाहत होता. पुढे त्यातून म्हशी पाणी पिऊ लागल्या. म्हशींची तक्रार नव्हती.

अशी सहा वर्षं गेली. एक्याऐंशीच्या दिवाळीत गोदावरीबाईंनी मासिकांचा गठ्ठा उचलून अंगणात आणून ठेवला. गठ्ठा त्यांच्या कमरेइतका होता.

"पोरगी पाहाले गेलेला नवरदेव सहा वर्षं नुसता पाहूनच राह्यला," त्या म्हणाल्या, "तं लोक त्याले काय म्हनतात?"

सुखरामने वरचं मासिक सरळ केलं.

"एक नाव आना. एकच. आपल्या तलावात टाका. धुळवडीले मी येतो पाहाले. अख्खा दिवस तिच्यात बसन, रांधन, खाईन, आडवी होईन. पटली तं येतो तुमच्यासंग, जिकडं न्यायचं तिकडं न्या. नाही पटली तं ह्या कागदावर मी शेंगदाने भाजीन, अन् मंग घरात समुद्राची गोष्ट काढाची नाही."

"एकच? दोन-तीन पाहून..."

"नवरा बी मी एकच पाह्यला होता."

सुखरामने हा प्रश्न सगळ्या बाजूंनी तपासला. तो एकटाही जाऊ शकत होता. त्याला कोणी अडवलं नव्हतं. पण एकट्यानेच जायचं तर त्याला इंजिनखोलीही चालली असती. वर, उघड्यावर बसून समुद्र पाहायचा आणि शेजारी 'हे काय, ते काय' विचारायला गोदावरीबाई असायच्या, हे सगळं मिळून एक काम होतं. त्यातला अर्धा भाग वेगळा निघत नव्हता. म्हणजे धुळवडीपर्यंत त्याला अशी नाव निवडायची होती, जी बंगालच्या उपसागरात टिकेल आणि गोदावरीबाईंपुढेही टिकेल.

पत्रव्यवहारातून शेवटी दोन नावा उरल्या. दोन्ही मुंबईत. एक फायबरची, पांढरी, अठ्ठावीस फुटी, निमुळती, पोटाखाली माशाच्या परासारखा खोल कणा असलेली. दुसरी मोडीत निघालेल्या मालवाहू जहाजावरची लाकडी लाईफबोट. चोवीस फुटी, दोन्ही टोकांना सारखीच, मध्ये फुगलेली. दोघींचे फोटो टपालाने आले. ते घेऊन सुखराम साकोलीच्या बाजारात भय्याजीकडे गेला. भय्याजी बैलांचा दलाल. पंचक्रोशीतले निम्मे गोठे त्याच्या शब्दावर भरलेले.

भय्याजीने पहिला फोटो हातात घेतला, उलटा करून मागची बाजू पाहिली, पुन्हा सुलटा केला.

"दात?"

"नावेले दात नसतात, भय्याजी."

"मंग वय कसं समजते?"

"कागदावर असते."

"कागदावर तं माह्या सासऱ्याचं वय बी पंचेचाळीस आहे." त्याने पांढऱ्या नावेवर बोट ठेवलं. "हा पटाचा बैल होय, फौजी. पाठीवर माशी बसली तं चमकते. शंकरपटाच्या शर्यतीत पहिला नंबर आनीन अन् घरी आल्यावर पोराले लाथ मारीन. अन् हा..." लाईफबोटीचा फोटो त्याने, रेडा जोखावा तसा, जरा लांब धरला. "हा हेला. चिखलनीचा. याले मारलं तरी पयत नाही, अन् नाही मारलं तरी थांबत नाही."

"मग घेऊ कोनता?"

"पट जिंकाचा आहे का धानाचा रोवना कराचा आहे, ते तुमी ठरवा. मी कायले सांगू? उद्या घरची बाई माह्या नावानं बोटं मोडन."

फेब्रुवारीत सुखराम मुंबईला गेला. बरोबर मंगरू दिघोरेला नेलं. मंगरू गावातल्या मासे धरणाऱ्या ढिवरांचा म्होरक्या, सुखरामच्या बरोबरीचा. लाकडाचा ओंडका पाहून त्यातून किती माणसांचा डोंगा निघेल ते तो सांगायचा. समुद्र त्याने पाहिलेला नव्हता. धक्क्यावर पोचल्यावर तो सरळ पायऱ्यांकडे गेला. मग खाली उतरून त्याने ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकलं.

"सुखरामभाऊ, याची पाळ कोनं बांधली?"

"याले पाळ नसते बे."

"मंग पानी थांबते कायच्या भरोशावर?" त्याने क्षितिजापर्यंत नजर नेली आणि परत आणली. "अन् मासोळीचा ठेका कोनाकडं?"

"कोनाकडंच नाही. कोनीबी धरा."

मंगरूने सुखरामकडे असं पाहिलं, जणू विचारत होता: हा माणूस पंधरा वर्षं समुद्रावर होता आणि ही गोष्ट त्याने गावात कोणाला सांगितली नाही?

पांढरी नाव केशवराव नावाच्या एका निवृत्त इंजिनियरची होती. मोठे अगत्याचे गृहस्थ. त्यांनी दोघांना खाडीत एक फेरी मारून आणली, आणि त्या अर्ध्या तासात सुखराम कामातून गेला. वारा भरला, नाव एका अंगावर झुकली आणि पाण्याला कात्री लावल्यासारखी निघाली. सुखराम बेचाळीस वर्षांचा होता, फॅक्टरीत त्याच्या हाताखाली चार माणसं होती, पण तो ओरडला. काय ओरडला ते त्यालाही सांगता येईना. वहीतल्या एकेचाळीसपैकी पस्तीस प्रश्नांना नाव पास झाली.

मंगरू दोन्ही हातांनी डोलकाठी धरून बसला होता. किनाऱ्याला लागल्यावर त्याने केशवरावांना एकच प्रश्न विचारला.

"साहेब, काठावर ओढली तं ही बसते कशी?"

"बसत नाही. खाली कणा आहे ना पाच फुटांचा. तिला लोखंडी घोडी लागते, तिच्यावर उभी करावी लागते."

"पाच फूट?" मंगरू सुखरामकडे वळला. "भाऊ, धुळवडीले आपल्या तलावात पानी किती असते?"

सुखरामने वही मिटली. त्याला ते माहीत होतं. छातीभर, आणि तेही मधोमध.

दुपारभर तो धक्क्यावर बसून राहिला. बाराशे किलोमीटर समुद्रासाठी नाव निवडायची, आणि ती गावतलावाच्या पाण्याची खोली पाहून? मासिकांत असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. पण अंदमानच्या वाटेवरचं पहिलं पाणी ते तलावाचंच होतं, तिथून पुढे गेलं तर समुद्र. केशवरावांची नाव तिथे पोचली असती तर धुळवडीच्या दिवशी गाळात तिरपी रुतून बसली असती आणि गोदावरीबाईंनी शेंगदाणे भाजायला घेतले असते.

"चाल, हेला पाहू," तो मंगरूला म्हणाला.

लाईफबोट एका भंगारवाल्याच्या आवारात, उन्हात, दोन वर्षं पडून होती. तिच्या बाकांखाली असतात त्या, बोट बुडू न देणाऱ्या तांब्याच्या हवाटाक्या आधीच विकल्या गेल्या होत्या. रंग उडालेला. शीड मात्र होतं, विटक्या नारिंगी रंगाचं, आणि डोलकाठी, आणि सुकाणू. मंगरू आत शिरला आणि तळाशी उताणा झोपला. हात-पाय पसरले. मग बोटाच्या पेराने एकेक फळी वाजवत आणि कान लावत गेला. टोकापर्यंत जाऊन परत आला. सुखराम बाहेर उन्हात उभा. भंगारवाल्याने त्याला विचारलं, "ह्यांना बरं वाटत नाही का?"

"घ्या भाऊ," मंगरू आतूनच म्हणाला. "तहानेली आहे, बाकी काही नाही. अन् वहिनीचे पाय पुरतात. माह्ये बी पुरून राहिले."

वहीतल्या एकेचाळीसपैकी एकवीस. सुखरामने तीच घेतली.

मुंबई-कलकत्ता रस्ता साकोलीवरून जातो, ही त्या नावेची पहिली नशिबाची गोष्ट. रायपूरला निघालेल्या एका ट्रकवर ती चौथ्या दिवशी येऊन पोचली. वाटेत प्रत्येक ढाब्यावर 'हे काय आहे' या प्रश्नाला उत्तर देऊन ड्रायव्हर कंटाळला होता. नागपूरच्या पुढे त्याने ती लग्नाच्या मांडवाची कमान आहे असं सांगायला सुरुवात केली. साकोलीला चाळीस माणसांनी दोर लावून ती उतरवली, दोन बैलबंड्या एकमेकींना बांधून त्यांवर चढवली आणि सात किलोमीटर गावात नेली. बायकांनी तिला कुंकू लावलं. पाळीवर पोचेस्तोवर चार वाजले. धुळवडीला तीन दिवस होते आणि सुखरामची रात्रपाळी होती. त्याला शेवटची बस गाठायची होती. नाव पाण्यात उतरलेली पाहायलाही तो थांबू शकला नाही.

"मंगरू," जाता जाता तो म्हणाला, "जिवापाड जपून ठेव."

"ते काय सांगाव लागते?" मंगरू म्हणाला.

धुळवडीला सकाळच्या एस.टी.ने सुखराम आणि गोदावरीबाई गावात आले. गोदावरीबाईंच्या पिशवीत तांदूळ, हळद, मीठ आणि मिरच्या, हातात स्टोव्ह. त्या सरळ परीक्षेच्या तयारीने आल्या होत्या. पाळीवर सगळा गाव रंगात न्हालेला. डफडं वाजत होतं. भय्याजी जांभळा झाला होता आणि मंगरू मुळापासून शेंड्यापर्यंत हिरवा. सुखराम पाळीवर चढला आणि त्याने तलाव पाहिला.

तलावात पाणी होतं. कमळाची पानं होती. दोन बगळे होते.

"मंगरू. नाव कुठं आहे?"

हिरव्या चेहऱ्यात पांढरे दात दिसले. "झोपवली," मंगरू म्हणाला आणि पाण्याकडे बोट केलं.

"झोपवली म्हनजे?"

"तिथं. त्या पानाच्या इकडं. गोटे भरून तळाले बसवली. तुमीच तं म्हनलं जपून ठेव."

पाण्याखाली गेलेल्या जहाजाला नौदलात एकच शब्द आहे आणि तो कोणी हसत उच्चारत नाही. सुखरामच्या कानात पाणी गेल्यासारखं झालं. त्याने टोपी काढली, पुन्हा घातली. मग तो ओरडला, आणि या वेळी काय ओरडला ते अख्ख्या गावाला समजलं. सात वर्षं! सात वर्षं मासिकं वाचली, सिमेंट थापलं, मुंबई पालथी घातली, आणि तू ती बुडवली? हाताने? गोटे भरून?

"अवो भाऊ, बुडवली नाही, झोपवली," मंगरू चकित होऊन म्हणाला. "उनानं फळ्या फाकल्या होत्या. पान्यात टाकली तं चाळनीवानी गळे. आता उन्हाळ्यात डोंगा काठावर ठेवला तं तडकते, हे तुमाले कोनी सांगाव? आमचे सगळे डोंगे तिथंच आहेत. तुमच्या बोटीले मधली जागा देली. मानाची."

ते खरं होतं. त्या तलावात पूर्ण उन्हाळा सात डोंगे तळाशी असत. सुखराम लहानपणापासून ते पाहत आला होता. पण त्याच्या डोक्यात डोंगा हा डोंगा होता आणि ही बोट. ही दोन्ही एकाच जातीची लाकडं आहेत हे त्याला कधी सुचलं नव्हतं.

"अन् तुमाले एक सांगू का?" मंगरू जवळ सरकला. आता त्याच्या आवाजात नवरीकडच्या माणसाचा तोरा आला होता. "ती झोपाले तयार नव्हती. आमचा मोठ्ठा डोंगा एक बंडी गोट्यात जाते. ही दोन बंड्यांत हालली नाही. तीन बंड्या टाकल्या, काठोकाठ पानी आत, तरी नाक वर. गावातले गोटे सरले. चौथी बंडी भय्याजीनं आपल्या वावरातून आनली, तवा कुठं गेली. अशी जिद्दी नाव म्या जल्मात पाह्यली नाही. तुमची पारख पक्की आहे, भाऊ."

सुखराम काहीतरी बोलणार होता, पण मागून एक विचित्र आवाज आला. गोदावरीबाई पाळीवर बसल्या होत्या. स्टोव्ह त्यांच्या मांडीत होता, तोंडाला पदर होता आणि त्या गदागदा हलत होत्या. पहिल्यांदा त्याला वाटलं, रडतात. मग पदर सुटला.

"चार बंडी!" त्या म्हणाल्या आणि पुन्हा कोसळल्या. "अवो... गावातले गोटे सरले!" शकुनबाई, त्यांची जाऊ, त्यांना धरायला आली आणि स्वतःच त्यांच्या शेजारी फतकल मारून हसू लागली. हसणं पाळीवरून पसरत गेलं. डफडंवाला वाजवायचं थांबला, कारण त्याला काठी धरवेना.

पाच मिनिटांनी गोदावरीबाईंनी डोळे पुसले. कपाळावरचा रंग गालावर आला होता.

"कवा उठते ती?" त्यांनी मंगरूला विचारलं.

"पंधरा दिवस झोपू द्या, वहिनी. पाडव्याले उठवतो."

"पाडव्याले येतो मंग." आणि नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "चार बंडीची आहे म्हनून मुदत देली. एका बंडीची असती तं देली नसती."

पाडव्याला सगळ्या घरांवर गुढ्या उभ्या होत्या आणि तलावात दहा ढिवर बुड्या मारत होते. एकेक गोटा वर येत होता. तिसऱ्या बंडीपाशी पाण्यातून एक लाकडी टोक वर आलं आणि पाळीवर आरोळी उठली. मग बादल्या, टिनाचे डबे, घमेली. पाणी उपसता उपसता तळ दिसला. तळात चिखल, आणि चिखलात किलो-दीड किलो झिंगे, म्हणजे तलावातली कोळंबी, आणि चार शिंगूर मासे. पंधरा दिवसांत त्यांनी तिथे संसार मांडला होता.

सुखराम गुडघे टेकून फळ्यांच्या फटी तपासत होता. बोट फिरवत तो एका टोकापासून दुसऱ्या टोकाला गेला. फट नव्हती. लाकूड फुगून एकमेकांत असं बसलं होतं की पत्ता शिरला नसता. सुखरामने घड्याळ लावून अर्धा तास वाट पाहिली. आत एक थेंब आला नाही.

"व्हा बाजूले," गोदावरीबाई म्हणाल्या. नऊवारीचा ओचा खोवून त्या आत उतरल्या आणि झिंगे गोळा करायला लागल्या. परीक्षेला सुरुवात झाली होती.

दुपारपर्यंत नाव मंगरूच्या लोकांनी बांबूने इकडून तिकडे ढकलली. गोदावरीबाईंनी स्टोव्ह मांडला, पेटवला, भात चढवला. बसून पाहिलं, उभं राहून पाहिलं, चालून पाहिलं. सुखराम त्यांच्या चेहऱ्याकडे बॉयलरच्या काट्याकडे पाहावं तसं पाहत होता. काटा हलत नव्हता. दोन वाजता पश्चिमेकडून वारा सुटला. मंगरूची माणसं उतरली, सुखरामने नारिंगी शीड वर चढवलं, आणि लाईफबोट, जिला पूर्वी जहाजाच्या कुशीला टांगून ठेवण्यापलीकडे कोणी काही काम दिलं नव्हतं, आपण होऊन निघाली.

ती वेगात नव्हती. पण निघाली ती निघाली. पाळ मागे सरकू लागली. पाळीवरची माणसं ओरडत धावू लागली, तलावाच्या कडेकडेने, नावेच्या बरोबरीने. भय्याजी धोतर सावरत सगळ्यांच्या पुढे.

"तो दांडा मले द्या," गोदावरीबाई म्हणाल्या.

"सुकानू? ते जरा अवघड..."

"तीस वर्षं पाहून राहिली म्या बैलबंडी. द्या."

त्यांनी दांडा घेतला. डावीकडे ओढला, नाव उजवीकडे गेली. त्यांना ते पटलं नाही. पुन्हा ओढला. तिसऱ्यांदा त्यांच्या ध्यानात आलं आणि तोंडातून "हात् तिच्या!" निघालं. मग त्यांनी नाव कमळांभोवती फिरवली, पाळीजवळून नेली, जावेला हात केला, परत वळवली, आणि पूर्ण शिडानिशी, वाऱ्यासकट, तलावाच्या पलीकडच्या उथळ गाळात नेऊन घुसवली.

नाव थांबली. भाताचं पातेलं हाललं नाही.

सुखराम वाकला, बांबूने ढोसलं. जागची हलेना. पाळीवरून सल्ले यायला लागले. "मागं घ्या, मागं!" "शीड उतरवा!" "अन् आता अंदमान किती राह्यलं, फौजी?" सुखराम घामाने भिजला. सबंध सात वर्षं, आणि शेवटी तीनशे फुटांवर रुतलो.

"कायले घाई करता?" गोदावरीबाई म्हणाल्या. "भात झाला."

त्यांनी ताटं वाढली. झिंग्यांचा रस्सा नावेच्या तळावर ठेवला. वाटीतल्या रश्श्याची पातळी कडेपासून सगळीकडे सारखी. नाव गाळात कोंबडी अंड्यांवर बसावी तशी सरळ बसली होती. दोघं जेवले. जेवण झाल्यावर गोदावरीबाईंनी ताटं तलावातच विसळली, शिडाची सावली कुठे पडते ते पाहिलं, तिथे पदर अंथरला आणि आडव्या झाल्या. पाय लांब केले. पुढे अजून वीतभर जागा होती.

मग त्या झोपल्या.

सुखराम हे पाहत राहिला. लग्न होऊन बावीस वर्षं झाली होती. या बाईला दिवसा झोपलेली त्याने पाहिलेली नव्हती. बाळंतपणातसुद्धा ती उठून बसलेली असायची. तो दीड तास हलला नाही. एक पाय आखडला, मग दुसरा. पाळीवरून मंगरू ओरडला, "भाऊ, दोर आनू का?" तर सुखरामने दोन्ही हात हलवून त्याला असं गप्प केलं की सगळी पाळ हळू बोलायला लागली.

साडेचारला गोदावरीबाई उठल्या. चूळ भरली. केस बांधले.

"अंदमानले कोनत्या महिन्यात जाव लागते म्हनलं होतं तुमी?"

"जानेवारी," सुखराम म्हणाला. "तवा तिकडं वारं चांगलं असते. वादळ नसते."

"म्हनजे धान घरात आल्यावर. बराबर आहे."

ढिवर पोहत आले, नाव गाळातून ढकलून काढली. पाळीला लागल्यावर गोदावरीबाई उतरल्या, चपला हातात घेतल्या आणि शकुनबाईला, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "जानेवारीत आमी दोघं समुद्रावर जाऊन राहिलो. म्हैस तुह्याकडं राहीन."

पाळीवर एकदम सगळे बोलू लागले. कोणाला शंख पाहिजे होता, कोणाला खोबरं. शकुनबाईला समुद्राचं पाणी पाहिजे होतं, बाटलीभर, लोकांना चाखवायला. मंगरू म्हणाला, माशांचा ठेका खरंच कोणाकडे नाही का, हे तिथे कोणाला तरी नीट विचारून या. डफडंवाला कुठूनसा उगवला.

सुखराम अजून नावेतच होता. आखडलेल्या पायांवर त्याला उभं राहता येत नव्हतं, आणि तो हसत होता. ते हसणं थांबेना, उचकीसारखं येतच राहिलं. भय्याजी पाण्यात गुडघाभर शिरून जवळ आला.

"खरंच जाता का हो, फौजी? अंदमानले? ह्या हेल्यात?"

"मले कायले इचारता, भय्याजी?" सुखराम कसाबसा म्हणाला. "तिले इचारा. तिनं तारीख काढली."